निवृत्तीनंतरचा आरोग्यविमा : आधी हक्काचे, मग विकतचे

आपल्या रेडिओवर दवाखान्याच्या खर्चाचा विषय निघाला की फोनवर एक प्रश्न हमखास येतो. "हे या वर्षी रिटायर होताहेत. कंपनीचे मेडिक्लेमचे कार्ड आता बंद होणार. नवी पॉलिसी घ्यावी, तर एजंट सांगतो तो आकडा ऐकूनच छाती दडपते. काय करावं?" विचारणारी ताई कधी बजाजनगरची असते, कधी सिडकोची, कधी पैठणची. प्रश्न मात्र एकच. म्हणून आज फक्त याच विषयावर बोलू.

आपले छत्रपती संभाजीनगर हे कारखान्यांचे शहर. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत ज्यांनी तरुणपणी नोकरी धरली, त्यांतले पुष्कळजण आता अठ्ठावन्न-साठीला आले आहेत. पगार चालू होता तोवर आजारपणाचे कोणीतरी बघत होते. कोणाला ईएसआय होते, कोणाला कंपनीची गट पॉलिसी. त्या कार्डावर आपलेही नाव होते. आता नोकरी त्यांची सुटते आणि त्याच दिवशी विमा आपलाही सुटतो. बऱ्याच घरांत ही गोष्ट निवृत्तीच्या समारंभात कोणी सांगत नाही. ती कळते ती पहिल्या आजारपणात, दवाखान्याच्या काउंटरवर.

तेव्हा आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. विकतची पॉलिसी शोधण्याआधी, पैसे न देता किंवा अगदी थोड्या पैशांत जे आपल्या हक्काचे आहे ते पदरात पाडून घ्या. मग जी उणीव उरेल, तेवढ्यापुरती पॉलिसी विकत घ्या. पुष्कळ घरांत हे उलटे होते. आधी महागडी पॉलिसी घेतली जाते, दोन वर्षांनी हप्ता झेपेनासा होतो, पॉलिसी बंद पडते, आणि हक्काचे कार्ड तर काढलेलेच नसते.

नोकरीच्या कागदांत काय शिल्लक आहे ते बघा

आधी ईएसआयचे. ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होत होती, त्यांच्यासाठी एक नियम आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक आहे. निदान पाच वर्षे विमेदार असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडला, तर महिना १० रुपयांप्रमाणे वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरून त्याला आणि त्याच्या पत्नीला वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. वर्षाला १२० रुपये, दोघांचे मिळून! अर्ज आपोआप होत नाही. निवृत्तीचा दाखला, विमा क्रमांक आणि आधार घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जावे लागते, आणि दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करावे लागते. कोणते मोठे उपचार यात बसतात, हेही तिथेच विचारून घ्या.

काहींचा पगार शेवटच्या वर्षांत २१ हजारांच्या वर गेला म्हणून ते ईएसआयमधून बाहेर पडले. २०२४ मध्ये महामंडळाने अशा काही निवृत्तांसाठी अट सैल करण्याचे ठरवले. त्यामुळे "आपलं आता काही नाही" असे घरीच बसून ठरवू नका. एकदा जाऊन विचारा.

आपल्याकडे छावणी असल्यामुळे माजी सैनिकांची घरेही बरीच आहेत. त्यांच्यासाठी ईसीएचएस ही योजना २००३ पासून आहे, आणि त्यात पत्नीचे स्वतंत्र कार्ड निघते. केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठी सीजीएचएस आहे. बँकेतून निवृत्त झालेल्यांसाठी गट पॉलिसी असते. राज्य शासनाच्या सेवानिवृत्तांसाठीही वैद्यकीय विम्याची गट योजना निघालेली आहे. ती आपल्याला लागू पडते का आणि नाव कधीपर्यंत घालायचे, हे निवृत्तीचे कागद करतानाच कार्यालयात विचारावे.

खासगी कंपनीची गट पॉलिसी असेल तर निवृत्तीच्या दोन महिने आधी एक काम करा. कंपनीच्या एचआर विभागाला आणि विमा कंपनीला लेखी विचारा, की या गट पॉलिसीतून आम्हाला तुमच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. याला मायग्रेशन म्हणतात. याचा फायदा असा, की गट पॉलिसीत काढलेली वर्षे नव्या पॉलिसीतल्या थांबण्याच्या काळातून वजा होतात. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी नव्याने पॉलिसी घ्यायला गेलो तर पाटी कोरी, सगळे पहिल्यापासून सुरू.

रेशनकार्डावरचा विमा

आता सगळ्यांच्या हक्काचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आपल्याकडे अजूनही बायका हिला "जीवनदायी" म्हणतात, कारण २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. आधी ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे संरक्षण होते. २०२३ मध्ये शासनाने निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू झाली. आता पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही रेशनकार्ड असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतात. हप्ता आपण भरायचा नाही, तो शासन बघते. बीपी, शुगर आधीपासून आहे म्हणून कोणी नाकारत नाही. वयाची अट नाही.

मग अडते कुठे? आमच्या अनुभवात तीन जागी.

पहिली जागा रेशनकार्डावरचे नाव. मुलाचे लग्न झाले, त्याने वेगळे कार्ड काढले, त्या गडबडीत आईचे नाव जुन्या कार्डावरून कमी झाले आणि नव्यावर चढलेच नाही, असे घडते. विधवा बायकांच्या बाबतीत तर फारच. धान्य घेत नसलो की कार्ड वर्षानुवर्षे कपाटातून बाहेर निघत नाही. आजच कार्ड काढून बघा, की आपले नाव आहे का, आणि ते आधारवरच्या नावाशी जुळते का. एका ठिकाणी माहेरचे नाव, दुसऱ्या ठिकाणी सासरचे, तिसऱ्या ठिकाणी नुसतेच "बाई" लावलेले. अशी तीन नावांची एक बाई कागदोपत्री तीन बायका होते, आणि ऐन वेळी धावपळ होते.

दुसरी जागा रुग्णालयाची. ही योजना सगळ्या दवाखान्यांत चालत नाही, फक्त अंगीकृत रुग्णालयांत चालते. आपली घाटी तर आहेच. १९५६ पासूनचे हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सगळ्या मराठवाड्याचा आधार आहे. आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. काही खासगी आणि विश्वस्त संस्थांची मोठी रुग्णालयेही योजनेत असतात. पण कोणते रुग्णालय कोणत्या आजारासाठी योजनेत आहे, हे बदलत असते. हृदयासाठी असेल, गुडघ्यासाठी नसेल. काही उपचार तर फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून ठरवून करायचे ऑपरेशन असेल तर आधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या विनाशुल्क क्रमांकावर विचारा.

तिसरी जागा आरोग्यमित्राची. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. दाखल होतानाच त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार द्यायचे. आधी पैसे भरून दाखल व्हायचे आणि बिल हाती आल्यावर योजना आठवायची, हे चालत नाही. तातडीने दाखल व्हावे लागले तर घरातल्या एकाने पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला गाठावे. योजनेत नाव मंजूर झाल्यावर त्याच उपचारासाठी कोणी पैसे मागितले, तर त्याच क्रमांकावर तक्रार करता येते.

सत्तरीनंतरचे वेगळे कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरच्या सगळ्यांना घेतले आहे. उत्पन्न कितीही असो. याचे कार्ड वेगळे असते, त्याला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि आधीच्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून लागू. घरातले कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तरी सत्तरीच्या माणसांसाठी हे ५ लाख वेगळे मिळतात.

यात तीन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, घरात सत्तरीवरचे दोघे असतील तर ५ लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. दोन, हे कार्ड फक्त सत्तरी ओलांडलेल्याचे. यजमान बाहत्तर वर्षांचे आणि आपण सहासष्टच्या, तर त्यांच्या कार्डावर आपल्याला उपचार मिळत नाहीत. आपला आधार तोवर रेशनकार्डाचाच. तीन, वय आधारवरचे धरतात. आपल्या पिढीतल्या पुष्कळ बायकांची जन्मतारीख कोणीतरी अंदाजाने १ जानेवारी लिहिलेली आहे. खरे वय सत्तर झालेले असेल आणि आधारवर पासष्ट असेल, तर कार्ड निघत नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दुसरा पुरावा हाताशी असेल तर तारीख दुरुस्त करून घ्या.

कार्ड काढायला आधार आणि मोबाईल लागतो. आयुष्मान ॲपवरून घरातली नात-नातूही काढून देतात, नाहीतर अंगीकृत रुग्णालयात किंवा सेवा केंद्रात जावे. बोटांचे ठसे झिजले म्हणून उमटत नसतील तर चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. ज्यांना सीजीएचएस किंवा ईसीएचएस आहे त्यांना दोन्हीपैकी एक निवडावे लागते. विकतची पॉलिसी किंवा ईएसआय असेल तर मात्र ती ठेवून हे कार्डही काढता येते. म्हणून "सरकारी कार्ड मिळालं, आता पॉलिसी बंद करू" अशी घाई करू नका.

या कार्डांत काय बसत नाही

दोन्ही कार्डे मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. दर महिन्याच्या शुगर-बीपीच्या गोळ्या, डॉक्टरची फी, रक्त तपासणी हा खर्च त्यांत येत नाही. आणि निवृत्तीनंतर महिन्याचे बजेट खाते ते हेच. यासाठी दोन वाटा आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार विनामूल्य केले आहेत. चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला आपण मिनी घाटी म्हणतो, ते या विभागाचे आहे. मोठी घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते, तिथे केसपेपरचे आणि तपासण्यांचे दर वेगळे असतात. दुसरी वाट जनऔषधी केंद्राची. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि तिथे विचारा. तेच औषध बरेच स्वस्त मिळते.

मग विकतची पॉलिसी कोणी घ्यावी?

एवढे सगळे असताना पॉलिसी कशाला, असे तुम्ही म्हणाल. कारण काही वेळा जवळचे रुग्णालय योजनेत नसते, काही वेळा तो उपचार यादीत नसतो, आणि काही वेळा जागा मिळायला वाट बघावी लागते. ज्यांना हप्ता झेपतो त्यांच्यासाठी पॉलिसी हा दुसरा हात आहे.

झेपतो म्हणजे काय, हे प्रत्येकीने आपल्या घराच्या हिशोबाने बघावे. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि आपल्या शहरात हजार ते तीन हजार पेन्शनवर दिवस काढणारी घरे कमी नाहीत. अशा घराने कर्ज काढून किंवा मंगळसूत्र गहाण ठेवून हप्ता भरू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. त्यांनी रेशनकार्ड, ईएसआय, सत्तरीचे कार्ड हे पक्के करावे आणि जमेल तेवढी रक्कम पोस्टात किंवा बचत गटात दवाखान्याच्या नावाने बाजूला टाकावी. उपचार फुकट झाले तरी रिक्षा, सोबतच्या माणसाचे जेवण, बाहेरची एखादी तपासणी, यांना रोख पैसे लागतातच.

ज्यांच्याकडे बऱ्यापैकी पेन्शन किंवा ठेवींचे व्याज आहे, त्यांनी ३ ते ५ लाखांची साधी पॉलिसी बघावी. आणि मुले हाताशी असतील तर संकोच करू नका. दिवाळीला साडी आणतात ना, त्यांना सांगा, "यंदा साडी नको, हप्त्यात भर घाल." जुन्या करपद्धतीत आईवडील ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांच्या हप्त्यावर मुलांना वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावटही मिळते. फक्त हप्ता रोखीने भरायचा नाही.

"आता वय झालं, कोण देणार पॉलिसी?" हा समज जुना झाला. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, नवी पॉलिसी घेण्याला असलेली ६५ वर्षांची मर्यादा काढली आहे. तरी शक्य असेल तर निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधीच, नोकरीची पॉलिसी चालू असताना, छोटी स्वतःची पॉलिसी घ्यावी. का, ते आता सांगतो.

पॉलिसी वाचताना हे चार शब्द शोधा

पहिला शब्द वेटिंग पीरियड, म्हणजे थांबण्याचा काळ. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणे अशा यादीतल्या आजारांना साधारण दोन वर्षे किंवा जास्त थांबावे लागते. आणि आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. साठाव्या वर्षी घेतली तर शुगरशी संबंधित आजार त्रेसष्टाव्या वर्षी बसणार. सत्तावन्नाव्या वर्षी घेतली असती तर निवृत्तीच्या दिवशीच सगळे लागू.

दुसरा शब्द को-पे. म्हणजे बिलातला ठरावीक हिस्सा आपण भरायचा. ज्येष्ठांच्या पॉलिसींत तो २० टक्के, कधी त्याहून जास्त असतो. ३ लाखांचे बिल झाले तर ६० हजार आपल्याला उभे करायचे आहेत. हप्ता स्वस्त दिसला की आधी को-पे किती ते विचारा.

तिसरा शब्द रूम रेंटची मर्यादा. यात सगळ्यात जास्त फसगत होते. आरोग्य संजीवनी नावाची एक साधी पॉलिसी इर्डाने २०२० मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली. तिच्यात खोलीचे भाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये आहे, आणि को-पे ५ टक्के आहे. आता समजा, आपण दिवसाला ८,००० ची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलो. खोलीचे ४०,०००, सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरे ८०,०००, औषधे ३०,०००. एकूण दीड लाख. आपल्याला वाटते, खोलीचे वरचे १५ हजार आपण देऊ, बाकी विमा देईल. तसे होत नाही. ८,००० मध्ये ५,००० च मान्य, म्हणून सर्जन आणि थिएटरचे ८०,००० ही त्याच प्रमाणात कापून ५०,००० धरतात. खोलीचे २५,०००, हे ५०,००० आणि औषधांचे ३०,००० मिळून १,०५,००० होतात. त्यातून ५ टक्के को-पे, म्हणजे ५,२५० वजा. हाती येतात ९९,७५० आणि पदरचे जातात ५०,२५०. हेच ५,००० च्या खोलीत राहून बाकी खर्च तेवढाच झाला असता, तर पदरचे फक्त ६,७५० गेले असते. म्हणून दाखल होतानाच काउंटरवर सांगायचे, "आमच्या पॉलिसीत बसेल तीच खोली द्या."

चौथा शब्द सब-लिमिट, एकेका आजाराची मर्यादा. आरोग्य संजीवनीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ४० हजार किंवा विमा रकमेच्या २५ टक्के, यातले जे कमी ते मिळते. पॉलिसी ५ लाखांची म्हणून कोणत्याही आजाराला ५ लाख मिळतील, असे नसते.

फॉर्म भरताना खरे लिहा

"काकू, शुगर लिहू नका, हप्ता वाढेल," असे सांगणारे भेटतात. ऐकू नका. फॉर्मवर सही आपली असते, एजंटची नाही. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी जुन्या केसपेपरवरून कळतोच, आणि तेव्हा सगळाच क्लेम अडकतो. सलग ६० महिने पॉलिसी चालली की, उघड फसवणूक सोडली तर, "तुम्ही माहिती लपवली" म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पण तिथवर पोहोचायचे तर पाया खरा हवा. पॉलिसीचे कागद हाती आल्यावर ३० दिवसांच्या आत ती न पटल्यास परत करता येते. त्या ३० दिवसांत घरातल्या वाचणाऱ्या माणसाकडून ती एकदा वाचून घ्याच.

आणखी एक. बँकेत ठेव ठेवायला गेलो की कधीकधी "हेल्थची पॉलिसी" म्हणून भलतेच काही गळ्यात पडते. पैसे परत मिळणार, बोनस मिळणार असे कोणी सांगू लागले तर समजा, ही साधी आरोग्याची पॉलिसी नाही.

हप्ता आटोक्यात कसा ठेवायचा

थोडा दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी काढला आहे. ३० हजारांच्या हप्त्यावर आधी ५,४०० रुपये कर लागायचा, तो आता नाही. जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने असेही सांगितले, की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी त्यांच्याकडे जावे लागेल.

नवरा-बायकोची एकत्र पॉलिसी घ्यायची तर हप्ता मोठ्याच्या वयावर ठरतो. दोघांत सात-आठ वर्षांचे अंतर असेल तर दोन वेगळ्या पॉलिसींचा आकडाही विचारून बघा. कधीकधी तोच बरा पडतो, आणि आपली पॉलिसी आपल्या नावाने राहते.

सुपर टॉप-अप स्वस्त असते, पण तिचा अर्थ समजून घ्या. ३ लाखांच्या वरची टॉप-अप म्हणजे पहिले ३ लाख तिच्यातून मिळणार नाहीत. "पहिले तीन लाख सरकारी कार्डातून होतील" असा हिशोब करू नका, कारण ज्या खासगी रुग्णालयात टॉप-अप वापरायची वेळ येईल, ते योजनेत असेलच असे नाही. साधी छोटी पॉलिसी किंवा तेवढी ठेव हाताशी असेल तरच टॉप-अप घ्या.

जुनी पॉलिसी आवडत नसेल तर ती बंद करून नवी घेऊ नका. नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करून ती दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येते. त्यामुळे थांबण्याची काढलेली वर्षे वाया जात नाहीत.

क्लेम अडला तर

कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीने एका तासात उत्तर द्यावे, आणि घरी सोडताना तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असा २०२४ चा नियम आहे. क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. तिथे दाद लागली नाही तर इर्डाच्या १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यानंतर विमा लोकपाल. आपल्या जिल्ह्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावे लागते.

या आठवड्यात करायची कामे

मैत्रिणींनो, घरातले कागद बहुतेक पुरुषांच्या कपाटात असतात. ते आजारी पडले की आपण आयसीयूच्या दाराशी उभ्या असतो आणि पॉलिसी कुठे ठेवली आहे हे सांगू शकणारा माणूस आत असतो. म्हणून ही चौकशी आपण स्वतः करायची.

एक कापडी पिशवी घ्या. तिच्यात रेशनकार्ड, दोघांचे आधार, ईएसआयचे किंवा आयुष्मानचे कार्ड, पॉलिसीची प्रत, जुने केसपेपर आणि चालू औषधांची यादी ठेवा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत हेल्पलाइनचे क्रमांक, पॉलिसी नंबर आणि नूतनीकरणाची तारीख लिहा. हप्ता भरायला साधारण ३० दिवसांची सवलत असते, पण तेवढ्या भरवशावर राहू नका. त्या मधल्या दिवसांत आजारपण आले तर क्लेम अडतो.

मग दोन प्रश्न घरात विचारा. रेशनकार्डावर माझे नाव आहे का? आणि उद्या हे नसले, तर माझ्या दवाखान्याचा खर्च कोणत्या कार्डावर होईल? दुसरा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, आम्हालाही ठाऊक आहे. पण एकत्र पॉलिसीतला एक जण गेला तरी उरलेल्याला ती पुढे चालू ठेवता येते, आणि तिची जुनी वर्षेही धरली जातात. त्यासाठी वेळेवर कंपनीला कळवावे लागते आणि हप्ता भरावा लागतो. हे आज माहीत असलेली बाई त्या दिवसांत निदान या एका बाबतीत तरी कोणाच्या तोंडाकडे बघत बसणार नाही.

तुमच्या गल्लीत, बचत गटात, भजनी मंडळात हे वाचून दाखवा. एखाद्या काकूंचे नाव रेशनकार्डावर चढले किंवा कोणाचे १२० रुपयांचे ईएसआय चालू झाले, तर आम्हाला फोन करून नक्की कळवा.